ओला फडका

मिस्किटा उस्ताद बोनेटवरून हात फिरवतात
तेव्हा हातावर चढवलेली असते
फरसाणाची एक पातळ, रिकामी पिशवी.
उघड्या बोटांना जे लागत नाही
ते पिशवीतून लागतं.
खर्र. खर्र.
"ऐक," म्हणतात, "अख्खी मुंबई बसलीय हिच्यावर."

मी ऐकतो.
मेट्रोच्या खड्ड्यातलं सिमेंट,
गोदीवरची खारी हवा,
रुळांवरून उडालेली लोखंडाची पूड,
आणि टपावर कावळ्याची
निबर, पांढरट सही.
हे नुसत्या पाण्यानं जात नाही.
मातीची मऊ वडी साबणाच्या पाण्यात बुडवून
रंगावरून अशी न्यायची,
जशी तापलेल्या पोराच्या कपाळावर
आपण पट्टी फिरवतो.

काळी फियाट. एकाहत्तरची.
पांढऱ्या गाडीला दहा खून माफ असतात,
काळीवर बोट टेकवलं तरी
बोट साक्षीला उभं राहतं.

खारहून मालकीणबाई आल्या होत्या, कालिंदी धुरंधर,
किल्ली रुमालाच्या गाठीत.
उस्तादांनी दिवा तिरपा धरला
आणि काळ्याच्या आत जाळं पेटलं,
केसाएवढ्या रेघांची वर्तुळं,
वर्तुळावर वर्तुळ,
दारावर, डिकीवर, मडगार्डवर.

"हे काय हो?"
"कुणीतरी रोज सुका फडका मारलाय, बाई. गोल गोल."

बाई गप्प.
पलीकडे दारूखान्यात कुणी जहाजाचा पत्रा बडवत होतं,
तेवढाच आवाज.
मग म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं. चहाच्या आधी.
मी म्हणायचे, अहो, फडका ओला तरी करा.
तर म्हणायचे, तुला गाडीतलं काय कळतंय."

उस्ताद घुटमळले.
"ठेवू का थोडं? दाराच्या हँडलपाशी?"

"ठेवू नका. एकूण एक काढा," बाई म्हणाल्या,
"माझंच खरं होतं."

चमक आणायची तर आधी होती ती मारावी लागते.
दोन हजार नंबरचा कागद, पाणी,
पुन्हा कागद, पुन्हा पाणी,
करडी गाळ गटारात.
तिसऱ्या दिवशी बाई न सांगता आल्या
नेमक्या त्याच वेळी.
गाडी पाटीसारखी, राखेसारखी.
त्यांनी स्टूल मागितलं, आणि बसून राहिल्या.

मग कंपाउंड. मग बफ, हळू,
मशीनला आपलं वजन न देता.
"कडेला मशीन नाही, हात," उस्ताद ओरडतात,
"कडेला रंग कांद्याच्या सालीएवढा!"
त्यांच्या डाव्या डोळ्यात मोती उतरलाय,
प्रत्येक दिव्याभोवती त्यांना इंद्रधनुष्य दिसतं.
म्हणून ते पत्र्याला गाल लावून बघतात,
आणि कुठे राहिलं ते बरोबर सांगतात.

कावळ्याची सही गेली नाही.
ती रंगाच्याही खाली उतरली होती.
तसं बाईंना सांगून टाकलं.
"असू दे," म्हणाल्या, "तो आमच्या वादात नव्हता."

मेण शेवटी.
तळव्यात चोळून आधी कोमट करायचं,
एक हात संध्याकाळी,
रात्रभर शेडची दारं बंद,
एक हात पहाटे.

सकाळी ट्यूबलाइट बोनेटमध्ये उतरून झोपली होती,
सरळ, कुठेही न थरथरता.
उस्ताद म्हणाले, "भिंतीवरचं कॅलेंडर वाच.
भिंतीकडे बघून नाही. इथे बघून."
मी वाचलं, उलटं, खोल,
विहिरीच्या तळाशी कुणी टांगल्यासारखं.
पगाराची तारीख स्पष्ट दिसत होती.
ती मी दोनदा वाचली.

बाई आल्या. वाकल्या.
काळ्या पाण्यात त्यांचा चेहरा वर आला,
मागे शेडचा पत्रा, त्याच्या भोकातून आभाळ.
अंबाड्यातली पिन त्यांनी
तिथेच बघून नीट केली.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग त्यांना दिसला
एक कण.
धुळीचा असेल, मेणाचा असेल,
मोहरीच्या अर्ध्याएवढा.

"बाई, नको..." उस्ताद आणि मी एकदम.

पण पदर तोवर हातात आला होता.
सुका पदर.
गोल.
गोल.